शस्त्र परवानाधारकांचे प्रश्न : आजोबांची दुनळी, अक्रोडाचा दस्ता आणि शेतातले रानडुक्कर

बंदूक बाळगणाऱ्या वाचकांची पत्रे पावसाळा जवळ आला की वाढतात, कारण गंजाची आठवण तेव्हाच होते. या वेळी मात्र गंजाबरोबर वारसा, सुतारकाम आणि अमेरिकेतील हरणांची शिकार हेही विषय आले आहेत. कायद्याविषयी येथे जे लिहिले आहे ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. प्रत्यक्ष अर्ज करताना आपल्या जिल्ह्याच्या परवाना शाखेत चौकशी करावी.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या नावे शेतीसंरक्षणासाठी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) दुनळी बंदूक होती. गेल्या वर्षी ते वारले. बंदूक अजून घरीच माळ्यावर आहे. नळ्यांवर इंग्लंडमधील कारखान्याचे नाव आणि काही बारीक शिक्के आहेत. ती माझ्या नावावर कशी करावी आणि हल्लीची काडतुसे तिच्यात चालतील का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपला दुसरा प्रश्न मला अधिक आवडला असला, तरी सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागेल, कारण बंदूक अजून माळ्यावर आहे हीच यातली सर्वांत अडचणीची बाब आहे. परवाना माणसाला मिळतो, घराला किंवा घराण्याला नाही. परवानाधारकाच्या निधनानंतर घरातील इतरांकडे ती बंदूक राहणे कायदेशीर ठरत नाही, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. उशीर झाला म्हणून घाबरून ती आणखी दडवू नये. वकिलाचा सल्ला घेऊन, मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि उरलेली काडतुसे यांच्यासह लेखी अर्ज द्यावा, बंदूक जमा करावी आणि तिच्या क्रमांकाचा उल्लेख असलेली पोच घ्यावी. जमा करण्याची जागा निवडता येत असेल, तर मी विक्रेत्याकडे ठेवण्याचा सल्ला देतो. त्याचे शुल्क पडते हे खरे. पण मुद्देमालाच्या खोलीत बंदुकीला कोणी तेल लावत नाही.

वारसाहक्काची तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसास अर्ज करता येतो. इतकेच नव्हे, तर परवानाधारक हयात असतानाही, त्याने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा ती बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याला आपल्या वारसांपैकी एकाचे नाव सुचवून बंदूक त्याच्याकडे सोपवता येते. ही दुसरी सोय फारशी कोणाला ठाऊक नसते, आणि म्हणून ज्या घरांत आजोबा अजून धडधाकट आहेत त्यांनी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा. आपल्या बाबतीत इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र, पोलीस पडताळणी, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि परवाना शेतीसंरक्षणासाठी असल्यामुळे आपल्या नावाचा सातबारा ही कागदपत्रे तयार ठेवावीत. आजोबांच्या परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक आहे की नाही हेही पाहावे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते; तेव्हा आपल्याकडे आधीच दोन असतील, तर भावंडांपैकी दुसऱ्या कोणी अर्ज करणे श्रेयस्कर.

आता नळ्यांवरील शिक्क्यांकडे वळू. ते नक्षीकाम नाही. बंदुकीचा जन्मदाखलाच तेथे कोरलेला असतो. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम येथे नळ्यांची सक्तीने चाचणी होत असे, आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासून चालू आहे. आपल्याला शोधायचा आहे तो हल्लीच्या काडतुसांत असलेल्या धूररहित दारूच्या चाचणीचा शिक्का, म्हणजे ‘नायट्रो प्रूफ’ ही अक्षरे किंवा बर्मिंगहॅमच्या बाबतीत मुकुटाखाली कोरलेली ‘एन.पी.’ ही अक्षरे, जी तेथे १९०४ पासून वापरात आली. हा शिक्का नसेल, तर ती बंदूक केवळ काळ्या दारूच्या दाबासाठी तपासलेली आहे असे धरून चालावे. नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लहरींसारखी नक्षी पोलादातच दिसत असेल, तर त्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकत्र ठोकून घडवलेल्या ‘दमास्कस’ नळ्या आहेत. दिसायला त्यांच्याइतके सुंदर काही नाही. तथापि शंभर वर्षांत त्या जोडांमध्ये आतून काय गंजले आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून अशा बंदुकीतून बार न काढणेच शहाणपणाचे.

नायट्रोचा शिक्का असला तरी एक धोका उरतो आणि तो अधिक फसवा आहे. जुन्या इंग्रजी दुनळीत काडतूस बसण्याची जागा पुष्कळदा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर लांबीची असते, तर आज मिळणारी अनेक काडतुसे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची असतात. काडतुसाची ही लांबी बार उडून त्याचे दुमडलेले तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे न उडवलेले लांब काडतूस आखूड जागेत बिनबोभाट बसते, बंदूक नीट बंद होते, आणि बार उडताना तोंड उघडण्यास जागा न मिळाल्याने आतील दाब वाढतो. ‘बसले म्हणजे चालले’ हा नियम येथे लागू नाही. परवाना हाती आल्यावर परवानाधारक कारागिराकडून त्या जागेची लांबी मोजून घ्यावी, नळ्यांच्या भिंतींची जाडी तपासून घ्यावी, आणि काडतुसांच्या खोक्यावरील लांबी वाचूनच खरेदी करावी.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची ३१५ बोअरची रायफल आहे. तिच्या अक्रोडाच्या लाकडी दस्त्याचे, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाचे, पॉलिश उडाले असून नळीचा निळसर काळा रंगही फिका झाला आहे. मला सुतारकामाची आवड आहे. दोन्ही कामे घरी करता येतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लाकूड आपले, लोखंड कारागिराचे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती, रूपांतर आणि दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, आणि २०१९ नंतर त्या उल्लंघनाची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. नळी आखूड करण्याविषयी स्वतंत्र कलम आहे. क्रमांक किंवा ओळखचिन्हे पुसण्याविषयीही आहे. आता, नळी पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे हे कोणीही मान्य करील, पण स्वच्छता कोठे संपते आणि दुरुस्ती कोठे सुरू होते याची रेषा मी स्वतः अशी आखतो की, धातूवर कानस, पॉलिश पेपर किंवा रसायन लागणार असेल, तर ते काम घरचे नाही. रंग नव्याने चढवण्यासाठी आधी नळी घासावी लागते, आणि हौशी हातांनी घासताना क्रमांकाची अक्षरे पुसट होतात. मग नूतनीकरणाच्या वेळी पडताळणी करणाऱ्यासमोर आपण कितीही प्रामाणिकपणे बोललात, तरी आपल्या बोलण्यापेक्षा ती पुसट अक्षरेच अधिक बोलतात. शिवाय खरे सांगायचे तर, वापराने फिका झालेला रंग हे रायफलीचे वय आहे, तो दोष नव्हे. गंज नसेल तर त्याला हात लावू नये.

दस्त्याचे काम मात्र आनंदाने करावे. जुना वॉर्निशचा थर खरडून काढण्यापेक्षा पॉलिश काढण्याच्या द्रावणाने मऊ करून कापडाने पुसावा. लाकडावर आपटून खळगे पडले असतील, तर ते घासून सपाट करण्याचा मोह टाळावा. खळग्यावर ओले सुती कापड ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि बहुतेक खळगे आपोआप वर येतात. तंतू तुटलेले असतील तर ते येणार नाहीत, आणि तेवढी खूण राहू द्यावी. त्यानंतर अगदी बारीक पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. आणि जेथे लाकूड धातूला भिडते त्या कडांना पेपर अजिबात लावू नये, कारण तेथे केसाएवढी फट पडली तरी प्रत्येक धक्क्याबरोबर ती रुंदावत जाते. मग उकळलेले जवसाचे तेल, अर्थात रंगाच्या दुकानात मिळणारे, स्वयंपाकाचे नव्हे, बोटांच्या टोकांनी चोळून लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसून काढावे आणि पुढचा हात देण्यापूर्वी किमान एक दिवस जाऊ द्यावा. घाईने दिलेला जाड थर चिकट राहतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर महिनाभर वाळत नाही.

एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकल्या, तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांत त्या आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे जेथे हाताची पकड येते तेथे, बारीकशी चीर दिसली तर मात्र सरस भरून मोकळे होऊ नये. धक्क्याचा सारा भार त्याच जागी येतो. तो दस्ता कारागिराला दाखवावा.

प्रश्न : कोकणच्या पावसात बंदूक कशी ठेवावी? मी ती चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवतो, तरी गंज येतोच.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ‘तरी’ नव्हे, त्या म्यानामुळेच येतो. चामडे आणि आतील अस्तर ओलावा धरून ठेवतात, आणि कमावलेल्या चामड्यातील क्षार व आम्ले धातूला चिकटून बसतात; म्यान हे प्रवासापुरते. बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात उघडीच ठेवावी, धातूवर तेलाचा पातळ हात असावा, आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, ज्या ओल्या झाल्या की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. दुनळी असेल तर काही दिवस नळीचे तोंड खाली करून ठेवावे, म्हणजे जास्तीचे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. तेल पिऊन मऊ झालेले लाकूड पुढे धातूच्या कडेशी फुटते. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि त्यांना तेलाचा हात कधीही लावू नये, कारण तेल काडतुसाच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, झिरपले की ऐन वेळी बार फुसका जातो.

आपल्याकडे बंदुकीला गंज येण्याचे आणखी एक कारण म्हणजे निवडणुकीची आचारसंहिता. सरसकट सर्वांनी शस्त्रे जमा करावीत असा आदेश पूर्वी निघत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून निर्णय घ्यावा अशी पद्धत ठरली आहे, त्यामुळे शेतीसंरक्षणाची गरज दाखवून सूट मागणारा अर्ज करता येतो. जमा करावीच लागली, तर जाण्यापूर्वी आतून-बाहेरून तेलाचा भरपूर हात द्यावा आणि परत आल्यावर पहिला बार काढण्यापूर्वी नळी कोरडी पुसावी.

प्रश्न : आमचे शेत ताडोबाच्या जवळ आहे. रानडुकरे धान आणि हरभरा उद्ध्वस्त करतात. माझ्याकडे बारा बोअर आहे. भाऊ म्हणतो की ३१५ रायफल घ्यावी. कोणती योग्य?
— एक शेतकरी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : शस्त्राची निवड ही येथे शेवटची पायरी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुक्कर संरक्षित प्राणी आहे आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. कलम ११ नुसार, उभ्या पिकांसह मालमत्तेला धोका ठरलेल्या अनुसूची दोनमधील प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून देऊ शकतो; आपण अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा आणि पंचनाम्याची प्रत जोडावी. परवानगी त्या क्षेत्रापुरती असते. मारलेले जनावर कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता होते, म्हणजे त्याच्या मांसाची वाटणी करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो, आणि गावोगावी नेमकी याच ठिकाणी प्रकरणे अंगलट येतात. आपण अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या दहा किलोमीटरांच्या आत राहत असाल, तर परवानाधारकाने वनविभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. भावाची रायफल तिथेच अडेल.

ती अडली तरी मला वाईट वाटणार नाही. ३१५ चे काडतूस हे मूळचे ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर लष्करी रायफलीचे. इंग्रजांच्या काळात लष्करी बोअरच्या रायफली हिंदुस्थानात खाजगी माणसाला ठेवू देत नसत, म्हणून हा वेगळा बोअर येथे रुजला आणि पुढे बंगालमधील इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने तो घरोघरी पोहोचवला. रायफल चांगली आहे, परंतु तिची चुकलेली गोळी दोन किलोमीटरांपलीकडेही जीव घेऊ शकते, आणि धानाच्या सपाट बांध्यांत तिला अडवायला मागे टेकाड नसते. रात्री, विजेरीच्या उजेडात, शेजारच्या मचाणावर कोण बसले आहे याची खात्री नसताना मी तेथे रायफल वापरणार नाही. बारा बोअरमधील मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरांच्या आत पुरेसे परिणामकारक असतात आणि पुढे लवकर बळ गमावतात. त्यापलीकडून बार काढला तर जनावर जखमी होऊन पळते, आणि जखमी रानडुकराच्या मागे झुडपात शिरण्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी कोणावर तरी येते. आपल्या परवान्यावरची बंदूक भावाने चालवणे हेही नियमबाह्य आहे, हे त्यालाही सांगावे.

प्रश्न : द्राक्षबागेत पोपट, बुलबुल आणि साळुंक्या येतात. छर्‍याच्या एअरगनला परवाना लागत नाही असे दुकानदार म्हणतो. ती चालेल का?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : दुकानदार अर्धे खरे सांगतो. ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या क्षमतेच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याहून मोठी किंवा जोरकस असेल तर लागतो. पण वन्यजीव अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत ठार मारणे, जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हे सारे येते, हत्यार कोणतेही असो. तेव्हा एअरगन पत्र्यावरच्या निशाणासाठी ठेवावी आणि बागेवर जाळी टाकावी.

प्रश्न : मी एच-वन बी व्हिसावर पेनसिल्व्हेनियात आहे. सहकाऱ्यांबरोबर या हंगामात हरणांच्या शिकारीला जायची इच्छा आहे. मला रायफल विकत घेता येईल का, कोणती घ्यावी, आणि तळघरात वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याचे टेबल मांडावे का?
— एक वाचक, पिट्सबर्ग

उत्तर : अमेरिकेत बंदूक किराणा घेतल्यासारखी मिळते हा आपल्याकडचा समज आपल्या बाबतीत खरा नाही. तेथील संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर प्रवेश केलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे आणि त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो मिळवण्यासाठी पहिल्यांदा शिकार करणाऱ्याने राज्याचा शिकार-प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. येथवर सारे सरळ आहे. खाचखळगा असा की, पेनसिल्व्हेनियाचा शिकार परवाना ३० जूनला संपतो. तो संपला आणि नवा काढला नाही, तर कपाटात पडून असलेली रायफल १ जुलैला आपल्याला गुन्हेगार ठरवते. दंड भरून सुटण्यासारखे हे प्रकरण नाही, व्हिसाही त्यात जातो. पत्नी अवलंबितांच्या व्हिसावर असेल, तर कपाटाची किल्ली तिच्या हाती लागणार नाही अशीही व्यवस्था हवी. विकत घेण्यापूर्वी तेथील स्थलांतर आणि शस्त्रकायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचारावे. त्याचे शुल्क रायफलीच्या किमतीपेक्षा कमीच असेल.

रायफलीविषयी थोडक्यात सांगतो. त्या राज्यात हरणांसाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही, म्हणून हाताने बोल्ट ओढायची साधी रायफल घ्यावी. बोअर ०.३०८ किंवा ०.२७० असावा, नवशिक्याने खांद्याला सोसवेल असा ०.२४३ घेतला तरी पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तो पुरतो. दुर्बिणीवर रायफलीइतके पैसे खर्च करण्याची तेथे रीत आहे आणि ती मला पटते. हंगामापूर्वी मैदानावर जाऊन निशाणी शंभर यार्डांवर जुळवून घ्यावी, आणि तीही ज्या काडतुसांनी शिकार करणार त्याच काडतुसांनी, कारण वजन बदलले की गोळीची जागा बदलते. डोके, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा त्या हंगामात सक्तीचा आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र झाडीतूनही दिसतो.

काडतुसे भरण्याचे टेबल पहिल्या वर्षी मांडू नये. तो छंद सुरेख आहे, परंतु ग्रॅमच्या शतांशाइतकी अचूकता आणि टेबलावर एका वेळी एकच दारू ठेवण्याची शिस्त त्याला लागते, आणि ती शिस्त अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शिकावी. शिवाय शिकार परवाना संपला की ती काडतुसेही रायफलीइतकीच बेकायदा ठरतात. भारतात परतताना यातले काहीही सामानात येणार नाही याची काळजी घ्यावी: शिकारीच्या जॅकेटच्या खिशात विसरलेले एकच काडतूस मुंबईच्या विमानतळावरील क्ष-किरण यंत्रात दिसले, तर गुन्हा नोंदवला जातो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता असे न्यायालयात सिद्ध होऊन अशी प्रकरणे रद्द झालेली आहेत, पण तोवर पारपत्र आणि नोकरी दोन्ही टांगणीला लागतात. ते जॅकेट तेथेच कोणाला तरी देऊन यावे.